गळतीचा उगम

घरात जुनी वस्तू ठेवणे सोपे. जुने यंत्र ठेवणे तितके सोपे नाही. आजोबांची काठी कोपऱ्यात उभी राहते, आजीचा पितळी करंडा फडताळात बसतो, आणि दिवाळीच्या आवरासावरीत त्यांच्यावर वर्षातून एकदा हात फिरला म्हणजे त्यांचे समाधान होते. यंत्राचे तसे नसते. ते चालले तर खाते आणि उभे राहिले तर गळते. आपल्या अस्तित्वाची आठवण ते रोज करून देते, आणि तीही जमिनीवर काळा डाग पाडून. अशा एका यंत्राच्या सहवासात आमची बरीच वर्षे गेली असल्यामुळे त्याच्या दोन व्याधींविषयी, म्हणजे इंजिनाखालच्या रबराविषयी आणि तेलाच्या गळतीविषयी, चार शब्द लिहावेत असे मनात आले. विषय ओबडधोबड आहे हे आम्ही जाणून आहोत. परंतु ज्यांच्या दारी मालमोटार नाही त्यांच्याही घरी कोठे ना कोठे काहीतरी ठिबकत असतेच; तेव्हा वाचकांस तो अगदीच परका वाटू नये.

सालेकसा हे आमचे गाव महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेले आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा निराळा झाला. तोपर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यात मोडत होतो. पूर्वेस दरेकशाचे डोंगर, त्यांच्या पलीकडे छत्तीसगड, आणि गावाभोवती धानाच्या बांध्या. या बांध्यांना पाणी पुरविण्यासाठी पावसाचे पाणी अडवून केलेल्या लहान तळ्यास आमच्याकडे बोडी म्हणतात. धान, तेंदूपाने, मोह, लाकूड आणि लाख यांवर या मुलखाचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आगगाडी स्टेशनापर्यंत येते हे खरे. पण जंगलातला माल आपल्या पायांनी स्टेशनापर्यंत येत नाही. तो पूर्वी बैलगाडीने येई, पुढे मालमोटारीने येऊ लागला.

आमच्या अप्पांची, म्हणजे धाकट्या चुलत्यांची, मालमोटार 'फार्गो' जातीची. हे नाव मूळचे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीचे; परंतु आमच्याकडील फार्गो कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या मोटारी व मालमोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. डॉज, डी सोटो, फार्गो ही नावे त्या काळी आडगावच्या पोरांच्याही तोंडी होती. पुढे टाटांची मालमोटार १९५४ साली जमशेदपुराहून बाहेर पडली, आणि हळूहळू रस्ते तिचे झाले. अप्पांनी मात्र वापरलेली फार्गो घेतली, तीच शेवटपर्यंत चालविली. तिच्यात सहा सिलिंडरांचे पर्किन्स जातीचे डिझेल इंजिन आहे. त्या इंजिनाने धानाची पोती गोंदियाच्या गिरण्यांत पोहोचविली, उन्हाळ्यात तेंदूपानांची बोद वाहिली, आणि त्या मिळकतीवर आमच्या घरातील तीन मुलींची लग्ने व दोन मुलांची शिक्षणे पार पडली. आता ती आवारात मोहाच्या झाडाखाली उभी असते. दर रविवारी आमचा पुतण्या ती दहा मिनिटे सुरू करतो, आणि अप्पा बाजेवर बसून ऐकतात. अप्पांना अलीकडे डोळ्यांनी फारसे दिसत नाही. कान मात्र शाबूत आहेत.

त्या कानांनीच रोगाचा पहिला पुकारा केला. एका रविवारी इंजिन सुरू होताच ते म्हणाले, "फौंडेशन गेलं रे तिचं. बसली आहे ती." इंजिन ज्या रबरी उशांवर ठेवलेले असते त्यांना आमच्याकडचे मिस्त्री 'फौंडेशन' म्हणतात. पुतण्याने वाकून पाहिले तो पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीपासून जेमतेम बोटभर अंतरावर फिरत होती, आणि मागच्या बाजूचे रबर शिळ्या गुळासारखे पाघळले होते. शिवाय खाली तेलाचे थारोळे साचले होते. ते थारोळे काही नवे नव्हते. पण ते आता उताराने वाट काढून बोडीच्या दिशेने निघाले होते, आणि मृग तोंडावर आला होता.

येथे घरात मतभेद झाला. पुतण्याचे म्हणणे असे की, ट्रक भंगारात द्यावा. पावसाचे पहिले पाणी हे तेल घेऊन बोडीत उतरणार, त्या बोडीत गुरे पाणी पितात, मासे आहेत, आणि तिचेच पाणी बांध्यांत जाते. एका गाडीच्या आठवणीसाठी साऱ्यांचे पाणी नासवावे हा कोठला न्याय? त्याचे बोलणे कडू होते, पण खोटे नव्हते. अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की, गळती कोठून आहे हे कोणी पाहिले आहे काय? आणि कोणीच पाहिलेले नव्हते. तेव्हा असे ठरले की, मृगाच्या सरी येण्यापूर्वी गळती थांबली तर ट्रक राहील; न थांबली तर वजनकाट्यावर जाईल.

ही रबराची उशी करते तरी काय, हे थोडे सांगितले पाहिजे. मोटारींच्या आरंभीच्या काळात इंजिन सरळ सांगाड्यावर बोल्टांनी आवळून टाकीत. इंजिनात दर मिनिटास शेकडो स्फोट होतात. त्या प्रत्येकाचा धक्का सांगाड्यास, सांगाड्यापासून बैठकीस आणि बैठकीपासून माणसाच्या मणक्यास बसे. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ मोटारीत एक नवी रचना आणली आणि तिला 'तरंगती शक्ती' अशा अर्थाचे नाव दिले. इंजिन रबराच्या आधारांवर असे टांगावयाचे की, त्याने आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती खुशाल हालावे, पण ती हालचाल सांगाड्यापर्यंत पोहोचू नये. इंजिनाची थरथर काही नाहीशी झाली नाही. तिला हालावयास जागा मिळाली, इतकेच. आम्हांस या कल्पनेचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. तापट माणसास घरात राहू द्यावे, पण त्याच्या आणि इतरांच्या मध्ये एखादी समजूतदार वहिनी असावी, तसलाच हा प्रकार.

पण ती वहिनी थकली म्हणजे मोठी पंचाईत होते. रबर फाटले की चढावर जोर लावताच इंजिन एका अंगास उचलले जाते. त्याबरोबर पंखा सरकतो, नळ्या ताणल्या जातात, आणि ॲक्सिलरेटरची दांडी आपोआप ओढली जाऊन पाय उचलला तरी गाडी धावतच राहण्याचा संभव असतो. ही भीती कल्पनेतील नाही. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीस याच दोषापायी सुमारे ६७ लक्ष शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. एवढ्या थोर कंपनीस जेरीस आणणारी वस्तू म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिकटविलेला मूठभर रबर!

आता रबराचा एक जन्मजात वैरी आहे, तो म्हणजे खनिज तेल. झाडाच्या चिकापासून केलेले रबर तेल पिते, फुगते, मऊ पडते, आणि लोखंडापासून सुटते. म्हणजे गळतीने उशी खराब होते. उशी बसली की इंजिन अधिक थरथरते, थरथरीने बोल्ट ढिले पडतात, सांधे उघडतात, आणि गळती वाढते. जुन्या गाडीचे मालक नवे रबर बसवून वर्षभरात पुन्हा हळहळत बसतात, त्याचे मर्म येथे आहे. त्यांनी उशी बदललेली असते. उशीवर पडणारा थेंब तसाच चालू असतो. तेव्हा आधी गळती आणि मग रबर, हा क्रम सोडून चालत नाही.

गळतीचा उगम शोधणे हे काम दिसते तितके सरळ नसते. तेल जेथून टपकते तेथून ते क्वचितच निघालेले असते. ते वरून निघते, इंजिनाच्या अंगावरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि शेवटी सर्वांत खालच्या जागेवरून टपकून त्या बिचाऱ्या जागेचे नाव बदनाम करते. आमच्या ट्रकचे तेल इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालून पडत होते. ज्याने ज्याने पाहिले त्याने त्याने एकच निदान केले की, क्रँकचे मागचे सील गेले. हे निदान महागाचे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील सोडा; म्हणजे आठवडाभर काम, आणि उघडल्यावर आणखी काय काय निघेल ते देवास ठाऊक. जुन्या इंजिनांत तर या जागी आजच्यासारखे रबरी सील नसून पुष्कळदा ग्राफाईट लावलेली पिळाची दोरी असते. ती मिळविणे व बसविणे हे स्वतंत्र कौशल्य आहे.

अप्पांच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आमगावच्या बाजूने आले. त्यांनी पाना हाती घेण्यापूर्वी रॉकेलची बादली मागितली. सबंध इंजिन ब्रशाने धुऊन काढले, चिंध्यांनी कोरडे केले, आणि मग आम्हांस म्हणाले, "गुरुजी, घरातून रांगोळीचा डबा आणाल का?" आम्हांस वाटले, पूजा करावयाची असेल. परंतु त्यांनी ती पांढरी भुकटी चिमटी-चिमटीने इंजिनाच्या मागच्या अंगास, सांध्यासांध्यांवर, भुरभुरली आणि पंख्याचा पट्टा काढून ठेवला. वाऱ्याने भुकटी उडू नये म्हणून. "आता दोन मिनिटं चालवा. बिगर पंख्याची जास्त चालवू नका, तापेल." दोन मिनिटे चालविले, थांबविले, थंड होऊ दिले, पुन्हा दोन मिनिटे चालविले. तिसऱ्या खेपेस पांढऱ्या भुकटीवर एक काळी रेघ उमटली. ती क्रँकजवळ नव्हती. ती सर्वांत वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून निघून खाली उतरत होती. ज्या सीलवर सर्वांनी आरोप ठेवला होता ते सील त्या दिवशी निर्दोष सुटले.

टॅपेट कव्हरखालचे पॅकिंग बुचाचे, म्हणजे पोर्तुगालकडे होणाऱ्या एका जातीच्या ओकवृक्षाच्या सालीचे. बूच वाळले की आक्रसते आणि ठिसूळ होते. मालक बोल्ट आणखी आवळतो. त्याने पत्र्याची कड वाकते आणि फट रुंदच होते. पॅकिंग बदलले की काम संपले असे आम्हांस वाटले. मिस्त्रींना तसे वाटले नाही. "बूच म्हातारं झालं ते ठीक, पण तेलाला बाहेर कोण ढकलतं?" असे म्हणून त्यांनी ब्रीदरची नळी सोडली. पिस्टनांच्या कडांवरून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो. त्याला बाहेर जाण्यासाठी ही नळी ठेवलेली असते. ती बंद झाली की इंजिनाच्या पोटात दाब साठतो, आणि तो सापडेल त्या फटीतून तेलास बाहेर रेटतो. आमच्या ट्रकच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे सुबक घर बांधले होते, आणि उरलेली जागा जुन्या काजळीने भरली होती. उभ्या राहिलेल्या यंत्राकडे मनुष्य दुर्लक्ष करतो, पण सृष्टी करीत नाही. मिस्त्रींनी तारेने नळी मोकळी केली, तेव्हा मातीबरोबर वाळलेल्या कोळ्यांचे अवशेषही पडले. माशीने आपल्या पिलांसाठी केलेली ती बेगमी होती.

मग कव्हरची वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ झाली, नवे बुचाचे पॅकिंग कापले गेले, आणि ते कव्हरला चिकटविण्यासाठी मिस्त्रींनी बाटलीतून काढली ती लाख. पळसावर आणि कुसुमावर किड्यांनी केलेली, आमच्याच रानातली लाख स्पिरिटमध्ये विरघळविली म्हणजे तिचा जो लेप होतो त्यास तेल सहसा विरघळवू शकत नाही. आज नळीतून पिळून काढावयाचे नाना प्रकारचे लेप बाजारात मिळतात, आणि ते चांगलेही असतात. तथापि ज्या मुलखाची लाख इतकी वर्षे हा ट्रक वाहून नेत होता, त्या मुलखाने तिचा एक थर त्यास परत दिला याचा आम्हांस आनंद झाला. बोल्ट मात्र मिस्त्रींनी मधून कडेकडे, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. "सगळा जोर एकाच बोल्टावर काढू नये," असे ते पुतण्याला म्हणाले. आणि पुतण्या, जो तोवर दूर उभा होता, तो पाना घेऊन जवळ आला.

राहिले रबर. कुर्ल्याच्या त्या फार्गो कधीच बंद झाल्या, तेव्हा हा जिन्नस मिळवावा कोठून? नागपूर आणि रायपूर या दोन्ही शहरांच्या दुकानांत पुतण्या हिंडला. एका दुकानी जुन्या साठ्यातली, कागदात गुंडाळलेली उशी निघाली. दिसण्यास कोरी, पण नखाने दाबली तर नख उमटेना, आणि वाकविताच तिच्यावर बारीक भेगा फुटल्या. रबर न वापरताही म्हातारे होते, हे ती कोरी उशी पाहून पटले. दुसऱ्या दुकानदाराने टाटाच्या गाडीची उशी पुढे केली. भोकांचे अंतर थोडे कमी होते. "भोक वाढवून घ्या," म्हणाला. पण उंची पाव इंच जास्त होती, आणि तेवढ्याने इंजिनाची व प्रॉपेलर शाफ्टची रेषा बिघडली असती. तिसऱ्याने जुन्या टायरचे तुकडे थरावर थर ठेवून बोल्ट घालण्याची युक्ती सांगितली. रस्त्यावर अडकलेल्या माणसाने गाव गाठण्यापुरती ती युक्ती ठीक. पण टायरात दोऱ्यांचे थर असतात, ते दबण्याऐवजी अडतात, आणि थरथर तशीच सांगाड्यात उतरते.

अखेर मार्ग निघाला तो जुन्याच उशीतून. तिच्या लोखंडी पट्ट्या शाबूत होत्या. नागपुरातील एका रबर ओतणाऱ्या कारागिराने त्या पट्ट्यांवरील जुने रबर खरवडून काढले, वाळूच्या माऱ्याने लोखंड उजळ केले, त्यावर चिकटद्रव्य लावले, आणि साच्यात नवे रबर घालून सुमारे १५० अंश उष्णतेत दाबून पक्के केले. कच्च्या रबरास गंधक व उष्णता यांनी टिकाऊ करण्याची ही विद्या अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ साली साधली. तत्त्व आजही तेच आहे. कारागिराने एकच प्रश्न विचारला, पण तो नेमका: "तेल पडतं का हिच्यावर?" तेल पडणार असेल तर नायट्राईल जातीचे कृत्रिम रबर वापरावे, ते तेलास दाद देत नाही. तेल पडणार नसेल तर झाडाचे रबर उत्तम; थरथर सोसण्यात त्याची सर दुसऱ्यास क्वचितच येते. पुतण्याने छातीवर हात ठेवून सांगितले, "तेल पडणार नाही." ज्याने ट्रक विकण्याचा आग्रह धरला होता त्याच्या तोंडून हे शब्द निघाले, याची आम्ही मनात नोंद केली. कठीणपणा शोअरच्या मापाने ५० ते ६० च्या दरम्यान ठरला. याहून मऊ असते तर इंजिन डोलले असते. याहून कठीण असते तर उशी आणि दगड यांत भेद उरला नसता.

उशा बसविताना मिस्त्रींनी जॅक तेलाच्या चेंबरखाली लावू दिला नाही, पत्रा चेपतो. तो त्यांनी गिअरबॉक्सच्या तोंडाजवळच्या जाड ओतीव भागाखाली, मध्ये लाकडी फळी घालून लावला. इंजिन अर्धा इंच उचलावे, नळ्या पाहाव्या, पुन्हा थोडे उचलावे, असे चालले होते. नव्या उशा बसल्यावर नट हातानेच फिरवून ठेवले, इंजिन खाली उतरवून ते क्षणभर सुरू केले, त्याला आपल्या वजनाने आपली जागा घेऊ दिली, आणि मगच पाना लावला. अप्पा बाजेवरून ऐकत होते. "आता उठली," एवढेच ते म्हणाले.

या सर्वांस जो खर्च आला तो भंगाराच्या किमतीशी ताडून पाहता व्यवहारी मनुष्य हसेल. हा ट्रक पुन्हा धंद्यास लागणार नाही. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची सोय केली. परंतु ती खाजगी वापराच्या वाहनांसाठी आहे. घाम गाळणाऱ्या मालमोटारीस तसा मान अद्याप मिळालेला नाही. श्रीमंताची मोटार म्हातारी झाली की वारसा ठरते, आणि मजुरी करणारी म्हातारी झाली की भंगार. हा भेद माणसांतही आहे, मग यंत्रांस तक्रार कशी करता येईल? आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, कोणतीही वस्तू टाकून देण्यापूर्वी तिचा दोष कोठे आहे हे एकदा धुऊन-पुसून पाहावे. पाहिल्यानंतरही टाकावी लागली तर टाकावी. ट्रकापेक्षा बोडी मोठी, यात आम्हांस शंका नाही.

मृग यंदा चार दिवस उशिरा आला. पहिल्या मोठ्या सरीनंतर पुतण्या सकाळीच बोडीवर गेला, आणि तेलाचा सप्तरंगी तवंग कोठे दिसतो काय म्हणून काठाकाठाने फिरून आला. पाणी नुसते गढूळ होते, पहिल्या पावसाचे असावे तसे. ट्रकखाली ठेवलेल्या पत्र्याच्या परातीत मात्र रात्रभरात दोन थेंब पडलेले होते. मिस्त्रींना निरोप गेला आहे. तोपर्यंत परात राहू द्यावी असे अप्पांनी सांगितले, आणि पुतण्याने हरकत घेतली नाही.